घरच्या लॅब्रॅडॉरला व्हीलचेअरवरच्या भावाच्या मदतीसाठी शिकवता येईल का?

तुमच्या प्रश्नातल्या तीन गोष्टी धरून सांगतो. कुत्री दीड वर्षाची लॅब्रॅडॉर आहे. भावाच्या मानेच्या मणक्याला इजा झाल्यामुळे मनगट उचलता येतं, पण बोटं मिटत नाहीत. आणि दुपारी काही तास तो घरात एकटा असतो.

हो, शिकवता येईल. पडलेली वस्तू उचलून मांडीवर देणं, दोरी ओढून दार उघडणं आणि बेल दाबून शेजाऱ्यांना बोलावणं, एवढी तीन कामं पक्की झाली तरी भावाला खूप मोकळं वाटेल. वेळ मात्र द्यावा लागेल. सहाय्यक कुत्रे बाळगणाऱ्यांच्या आयएएडीपी या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या किमान निकषांत सहा महिन्यांत मिळून 120 तास शिकवणी धरली आहे. घरात शिकवताना मी वर्षभराची तयारी ठेवायला सांगेन.

आधी कुत्री या कामाला योग्य आहे का ते पाहा. ती इकडेतिकडे पाहत असताना चार-पाच फुटांवर स्टीलची वाटी फरशीवर पाडा. दचकली तरी हरकत नाही. काही सेकंदांत सावरून ती वाटी हुंगायला आली पाहिजे. पलंगाखाली शिरली आणि बराच वेळ बाहेरच आली नाही, तर तिच्यावर हे ओझं टाकू नका. खास याच कामासाठी वाढवलेली कितीतरी कुत्रीही शेवटी बाद ठरतात, त्यात कुत्रीचा दोष नसतो. दोन वर्षांची झाली की पशुवैद्याकडून खुब्यांचा एक्स-रे काढून घ्या, लॅब्रॅडॉरमध्ये खुब्याचा दोष बराच आढळतो. आणि व्हीलचेअर ओढणं किंवा भावाला उठताना आधार देणं तिला मुळीच शिकवू नका. त्यात तिचे खांदे आणि पाठ कायमची जायबंदी होऊ शकते.

शिकवणी कोणाच्या हातून होते यावर सगळं अवलंबून आहे. तुम्ही शिकवलंत तर कुत्री तुमचं ऐकेल आणि तुम्ही ऑफिसला गेलात की झोपून राहील. म्हणून सुरुवातीपासून शब्द भावाच्या तोंडून आणि खाऊ भावाकडून. तुम्ही फक्त वस्तू मांडायच्या आणि जागा तयार ठेवायची. मानेच्या इजेनंतर आवाज बऱ्याचदा हळू होतो, म्हणून सराव त्याच हळू आवाजात करा. क्लिकर, म्हणजे कुत्रीने बरोबर केलं त्याच क्षणी ‘टक्’ आवाज करून तिला कळवायची छोटी डबी, दाबणं त्याला जमणार नाही. त्याऐवजी ‘येस’सारखा एकच तुटक शब्द ठरवा. ‘शाब्बास’ नको, तो लांब आहे आणि घरात दिवसभर कोणी ना कोणी म्हणतच असतं. खाऊ द्यायला व्हीलचेअरच्या हातावर दीड-दोन इंची पीव्हीसी पाइप तिरका बांधा. भावाने मांडीवरच्या डब्यातला तुकडा तळहाताने पाइपात ढकलला की तो खाली कुत्रीसमोर पडतो.

खाऊ म्हणजे उकडलेलं चिकन किंवा पनीर, मटारच्या दाण्याएवढे तुकडे. दिवसाच्या एकूण आहाराच्या दहाव्या हिश्श्यापेक्षा जास्त नको, नाहीतर लॅब्रॅडॉर बघता बघता फुगते. मनुका, द्राक्षं, कांदा, लसूण, चॉकलेट अजिबात नको.

आता मुख्य काम, वस्तू आणून देणं. बहुतेक जण इथेच घसरतात, कारण चेंडू आणणारी कुत्री पाहून त्यांना वाटतं की अर्धं काम झालंच आहे. चेंडू आणताना ती खेळत असते. किल्ली आणायची तर तिला नको असलेली वस्तूही तोंडात शांत धरता आली पाहिजे. म्हणून आधी ‘धर’ शिकवा, ‘आण’ नंतर. झाडूच्या जुन्या लाकडी दांड्याचा वीतभर तुकडा कापून त्यावर सुती कापड गुंडाळा. भाऊ व्हीलचेअरवर समोर असू दे आणि तुम्ही दांडा कुत्रीच्या नाकापुढे धरा. तिने हुंगला की येस, खाऊ. मग दात लावले तरच येस. मग तोंड मिटून एक सेकंद धरला तरच. दोन, तीन, पाच, दहा सेकंदांपर्यंत असं हळूहळू वाढवा. प्रत्येक पायरीवर दहापैकी आठ वेळा जमलं की पुढे जा. पाच किंवा त्याहून कमी वेळा जमलं तर एक पायरी मागे या. एक बैठक तीन ते पाच मिनिटांची, दिवसातून तीन वेळा. तोंड जबरदस्तीने उघडून दांडा आत घालू नका. एकदा तोंडाची भीती बसली की ती निघायला महिने जातात.

दहा सेकंद धरायला लागली की दांडा जमिनीपासून थोडा वर, मग जमिनीवर, मग एक पाऊल लांब, मग खोलीच्या दुसऱ्या टोकाला.

इथे हमखास येणारी अडचण म्हणजे कुत्री मांडीपर्यंत येते आणि वस्तू हातभर अलीकडे टाकून देते. तिला खाऊचा डबा दिसलेला असतो आणि तोंड रिकामं केल्याशिवाय खाऊ मिळत नाही, हे तिने बरोबर ओळखलेलं असतं. काही दिवस डबा व्हीलचेअरच्या मागे ठेवा आणि तेवढ्यापुरता खाऊ भावाच्या येसनंतर तुम्ही पाइपात टाका. वस्तू भावाच्या तळहाताला किंवा मांडीला टेकली त्याच क्षणी येस आलं पाहिजे, नंतर नाही. खाली पडलेल्या वस्तूला खाऊ नाही, ती पुन्हा उचलायला सांगायची. मनगट मागे वाकवल्यावर बोटं आपोआप थोडी मिटत असतील, तर पाण्याच्या बाटलीसारखी जाड वस्तू थेट हातात घेता येईल. पातळ वस्तू मांडीवरच बऱ्या.

मांडीवर द्यायला कुत्री पुढचे पाय वर टाकते, इकडे विशेष लक्ष द्या. पायांना संवेदना नसेल तर नखाचा ओरखडा भावाला कळणारच नाही, आणि तोच चिघळून जखम होते. कॅथेटरची (लघवीची) नळी असेल तर पंजात अडकून ओढली जाऊ शकते. म्हणून चारही पाय जमिनीवर ठेवून हनुवटी मांडीवर टेकवायला शिकवा. पंजा वर आला तर येस नाही. नखं कापत राहा आणि मांडीवर जाड चादरीची घडी ठेवा.

यानंतर खऱ्या वस्तू. धातू बऱ्याच कुत्र्यांना तोंडात आवडत नाही, म्हणून किल्ल्यांना कापडी पट्टी किंवा चामड्याचा जाड गोंडा लावा. मोबाइलला रबरी कव्हर आणि मागे कापडाची कडी. गुळगुळीत फरशीवर पडलेलं एटीएम कार्ड तिला उचलता येत नाही, ती पंजाने खरवडत बसते आणि वैतागते. कार्ड कापडी पाकिटात ठेवा. गोळ्यांची पट्टी उघडी कधीही आणायला सांगू नका. पॅरासिटामॉल आणि आयब्युप्रोफेन दोन्ही कुत्र्यांना विषारी आहेत, आणि दात लागून पट्टी फुटायला वेळ लागत नाही. औषधं चेन असलेल्या जाड पाउचमध्ये ठेवा आणि पाउच आणायला शिकवा.

दारासाठी हँडलला दीड-दोन फूट सुती दोरी बांधून शेवटी जाड गाठ मारा. गाठ आधी हातात धरून ‘ओढ’ शिकवा, मग दारावर. दाराची कडी कुत्रीला उघडता येणार नाही, तिथे मॅग्नेटचा कॅच बसवून घ्या. टाइलवर तिचे मागचे पाय सरकतात, म्हणून दारापाशी रबरी मॅट टाका. फ्रिजला दोरी बांधू नये असं माझं स्पष्ट मत आहे. लॅब्रॅडॉरला फ्रिज उघडता आला की ती सांगण्याची वाट पाहत नाही.

बेलसाठी साधी वायरलेस बेल चालते. बटण लहान असतं, त्यावर बरणीचं हलकं झाकण चिकटवून दाबायची जागा मोठी करा आणि ते कुत्रीच्या नाकाच्या उंचीवर भिंतीला लावा. सराव करताना बेलचा आवाज बंद ठेवा. ‘बेल’ हा शब्द जोडून झाला की न सांगता दाबलेल्या बेलला एकदाही खाऊ देऊ नका, नाहीतर दुपारभर शेजाऱ्यांच्या घरात बेल वाजत राहील. दर आठवड्याला सेल तपासा. आवाजावर चालणारा फोन भावाजवळ असलाच पाहिजे, कुत्रीला कधी बरं नसलं तर तोच उपयोगी पडेल.

व्हीलचेअरशेजारी चालताना कुत्रीची जागा एकच ठरवा, मोटारची व्हीलचेअर असेल तर जॉयस्टिकच्या विरुद्ध बाजूला. डोकं भावाच्या गुडघ्याशी, शेपूट मोठ्या चाकापासून लांब. पट्टा भावाच्या मनगटाला कधीही बांधू नका. उन्हाळ्यात रस्त्यावर हाताची मागची बाजू सात सेकंद टेकवून पाहा. चटका बसला तर तिला बाहेर नेऊ नका. फिरून आल्यावर कान, बगला आणि बोटांच्या बेचक्यांत गोचीड शोधा, गोचीडतापाने चांगली तयार झालेली कुत्री काही आठवड्यांसाठी घरी बसते. रस्त्यावरची कुत्री अंगावर येतात अशा गल्लीत भावाने एकट्याने तिला नेऊ नये.

कागदपत्रं म्हणाल तर पालिकेचा परवाना आणि रेबीजच्या लसीची नोंद चालू ठेवा. ‘सर्व्हिस डॉग’ असं ओळखपत्र आणि जाकीट ऑनलाइन विकत मिळतं, त्यावर पैसे घालवू नका. भारतात अशी नोंदणी करणारी सरकारी यंत्रणा नाही. दुकानात किंवा दवाखान्यात कुत्रीला घेऊन जायचं असेल तर आधी फोन करून विचारलेलं बरं.

‘धर’वर अडलात तर ती किती सेकंद धरते आणि सोडताना कुठे पाहते ते प्रतिक्रियेत लिहा, त्याप्रमाणे पुढचं सांगतो.