ऑनलाइन वर्गाला जिना नसतो

प्रश्न : मॅडम, मी कॉम्प्युटर ॲप्लिकेशन्सची पदवी ऑनलाइन करते आहे. दुसरं वर्ष चालू आहे. मार्क चांगले आहेत, अभ्यासाबद्दल तक्रार नाहीच. घरचे प्रेमळ आहेत, पण सकाळी सगळे बाहेर पडतात ते संध्याकाळीच येतात. शाळेतल्या एका मैत्रिणीशी रात्री फोनवर बोलणं होतं. तरी दिवसभर इतकं एकटं वाटतं की लॅपटॉप उघडावासा वाटत नाही. लाइव्ह लेक्चरला दीडशे जण असतात आणि सगळ्यांचे कॅमेरे बंद. गेल्या आठवड्यात पार्सल घेताना ओटीपी सांगायला तोंड उघडलं, तर आवाज घोगरा निघाला. सकाळपासून मी एक शब्दही बोलले नव्हते. माझ्या स्वभावातच काही खोट आहे का? कोर्स सोडून नेहमीच्या कॉलेजला जाऊ का? आणि असं एकटीनं शिकून पुढे नोकरीसाठी ओळखी कुठून आणू?

उत्तर : तुझ्या पत्रातल्या त्या घोगऱ्या आवाजापाशी मी बराच वेळ थांबले. अभ्यास नीट चाललाय, घरात प्रेम आहे, आणि तरी लॅपटॉप उघडवत नाही. अशा वेळी माणूस कारण शोधायला लागतो आणि बाहेर काही सापडलं नाही की ते स्वतःच्या माथी मारून मोकळा होतो. तू तेच करते आहेस. म्हणून तुझ्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर आधी देते : नाही, तुझ्या स्वभावात खोट नाही.

घरचे आहेत, मैत्रीण आहे, मग एकटं का वाटावं? अमेरिकी समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट वाइस यांनी १९७३ मध्ये एकटेपणाचे दोन प्रकार वेगळे करून दाखवले. पहिला जिवाभावाचं माणूस नसल्याचा. दुसरा बरोबरीची, एकाच कामात गुंतलेली चार माणसं आसपास नसल्याचा. एक उणीव दुसऱ्यानं भरून निघत नाही, असं त्यांनी मांडलं. तुझा एकटेपणा दुसऱ्या प्रकारचा आहे. दमलीस तर आईला सांगता येतं. पण ‘डेटाबेसच्या असाइनमेंटमधला तिसरा प्रश्नच चुकलाय का गं?’ हे तिला विचारता येत नाही, आणि रात्री फोनवर येणाऱ्या मैत्रिणीलाही नाही. तो ‘का गं?’ तुझ्या दिवसातून नाहीसा झालाय. घरच्यांच्या प्रेमात काही कमी नाही, त्यामुळे ‘सगळं असून मी रडते’ असा अपराधी भाव मनातून काढून टाक.

आता हा ‘का गं?’ नेहमीच्या कॉलेजात कुठून येतो ते बघ. तिथे कोणी मैत्री करायला म्हणून जात नाही. लेक्चर संपतं, सगळे एकाच दारातून बाहेर पडतात, जिन्यात गर्दी होते, पुढचीला विचारावं लागतं की पुढचा तास कुठे आहे. चौथ्यांदा तीच मुलगी भेटते तेव्हा नाव विचारलं जातं. मानसशास्त्रज्ञ लिऑन फेस्टिंगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेच्या विवाहित विद्यार्थ्यांच्या वसाहतीत याचा अभ्यास केला होता, तो १९५० मध्ये प्रसिद्ध झाला. कोणाची कोणाशी मैत्री झाली हे बऱ्याच अंशी दारं किती जवळ आहेत आणि जाण्यायेण्याची वाट कुठून जाते यावर ठरलं होतं. जिन्याच्या पायथ्याशी घर असलेल्यांच्या वरच्या मजल्यावरही ओळखी झाल्या, कारण वरची माणसं रोज त्यांच्या दारावरून जात होती.

ऑनलाइन वर्गाला जिना नसतो. लेक्चर संपतं, एका क्लिकसरशी दीडशे माणसं नाहीशी होतात आणि पडद्यावर तुझाच डेस्कटॉप उरतो. शिकवणं पोचतं, पण शिकवण्याच्या आगेमागे जे आपोआप घडत असतं ते पोचत नाही. जे आपोआप होत नाही ते ठरवून करावं लागतं. ते सुरुवातीला कृत्रिम वाटतं. वाटू दे.

तर कामाची गोष्ट. पन्नास जणांशी ओळख करायच्या भानगडीत पडू नकोस. एक मुलगी शोध, किंवा मुलगा. फक्त एक. आठवड्यातले दोन दिवस, एकच ठरलेली वेळ, एकेक तास. व्हिडिओ कॉल लावायचा. पहिली पाच मिनिटं ‘आज मी नॉर्मलायझेशनची पाच उदाहरणं सोडवणार’ असं एकमेकींना सांगायचं. मग माइक बंद, कॅमेरा वहीकडे वळवलेला, आणि दोघींनी आपापला अभ्यास करायचा. शेवटची दहा मिनिटं माइक चालू : किती झालं, कुठे अडलं. गप्पा मारायच्याच असं बंधन नाही, म्हणून लाजाळू माणसालाही हे झेपतं. पण मंगळवारी चार वाजता तू आली नाहीस तर कोणीतरी ‘कुठे आहेस?’ असा मेसेज टाकणार. दीडशे जणांच्या लेक्चरला तू नसलीस तर कोणाला कळतं? माझ्याकडे येणाऱ्या ऑनलाइन विद्यार्थ्यांना मी हाच प्रश्न विचारते, आणि बहुतेक जण उत्तर द्यायच्या आधी थोडा वेळ गप्प होतात.

यात धीर मात्र लागेल. अमेरिकी संशोधक जेफ्री हॉल यांच्या अभ्यासात ओळखीची साधी मैत्री व्हायला सुमारे ५० तास सहवास लागतो असं दिसलं, आणि घट्ट मैत्रीला २०० च्या वर. आठवड्याचे दोन तास धरले तर साध्या मैत्रीलाच जवळजवळ सहा महिने झाले. म्हणून तिसऱ्या आठवड्यात ‘अजून परकंच वाटतंय’ म्हणून सोडून देऊ नकोस. तिसऱ्या आठवड्यात परकंच वाटतं.

माणूस शोधायचं कसं, हा खरा अडसर आहे हे मला माहीत आहे. लेक्चरच्या चॅटमध्ये काहीतरी टाइप करायचं, पुन्हा वाचायचं, ‘मूर्खपणाचं वाटेल’ म्हणून खोडायचं, तोवर विषय पुढे गेलेला असतो. तूही हे केलंच असशील. एकटेपणावर अनेक वर्षं काम केलेले अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जॉन कॅसिओपो त्याची तुलना भुकेशी करायचे : शरीराला अन्न हवं की भूक लागते, तसं माणसाला माणूस हवं की हे दुखतं. पण या भुकेत एक अडचण आहे. एकटं पडलेलं मन सावध होतं, कोणी झिडकारेल का याचाच अंदाज घेत बसतं, आणि जिथे हात पुढे करायचा तिथेच मागे घेतं. म्हणजे खोडायला लावणारा तो आवाज तुला तुझी किंमत सांगत नसतो, तो एकटेपणाचाच एक भाग असतो. शिवाय तो अंदाजही बऱ्याचदा चुकतो. २०१८ मध्ये मानसशास्त्रज्ञ एरिका बूथबी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अनोळखी माणसांना बोलायला बसवून नंतर विचारलं, समोरच्याला तुम्ही किती आवडलात? लोकांनी जेवढं सांगितलं त्यापेक्षा ते समोरच्याला जास्त आवडले होते. वसतिगृहात एकत्र राहणाऱ्या विद्यार्थ्यांमध्येही हा गैरसमज काही महिने टिकून होता.

तेव्हा पुढच्या लाइव्ह लेक्चरला एवढंच बघ, प्रश्न कोण विचारतंय. जिचा प्रश्न तुलाही पडला होता, तिला लेक्चर संपल्यावर वैयक्तिक मेसेज कर. बॅचच्या ग्रुपवर ‘कोणाला स्टडी पार्टनर हवाय का?’ असं जाहीर टाकलंस तर चार अंगठे येतील आणि पुढे काही होणार नाही. ग्रुप पीडीएफसाठी ठीक आहे.

लेक्चर लाइव्हच बघ. रेकॉर्डिंग दीडपट वेगानं बघितल्यानं वेळ वाचतो खरा, पण मग आपण वर्गात नसतो, उरलेलं काम उपसत असतो. महिन्यातून दोनदा तरी कॅमेरा सुरू कर. पडद्यावर सतत स्वतःचा चेहरा दिसत राहणं हे व्हिडिओ कॉलच्या थकव्याचं एक कारण असल्याचं अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाचे जेरेमी बेलेन्सन यांनी २०२१ मध्ये मांडलं होतं. बहुतेक ॲपमध्ये स्वतःची चौकट आपल्यापुरती लपवता येते. ती लपव. मग आपण कसे दिसतोय हे तपासण्यात लक्ष जात नाही.

शिक्षकांबद्दल थोडं सविस्तर सांगते, कारण ऑनलाइन विद्यार्थी इथेच सगळ्यात जास्त गमावतात. दूरशिक्षणाचे अभ्यासक मायकेल मूर यांनी १९७० च्या दशकापासून एक मुद्दा लावून धरला : विद्यार्थी आणि शिक्षक यांच्यातलं खरं अंतर किलोमीटरमध्ये मोजायचं नसतं, दोघांत संवाद किती होतो यावर ते ठरतं. ब्रिटनच्या ओपन युनिव्हर्सिटीत १९७१ मध्ये पहिले विद्यार्थी आले. टीव्ही-रेडिओवरचे कार्यक्रम आणि टपालानं येणारी पुस्तकं होतीच, पण विद्यापीठ तेवढ्यावर थांबलं नाही. विद्यार्थ्यांना ट्यूटर दिले, अभ्यासकेंद्रं उघडली, उन्हाळ्यात निवासी वर्ग घेतले. नुसतं साहित्य पोचवून विद्यार्थी टिकत नाही, हे दूरशिक्षणवाल्यांना तेव्हापासून ठाऊक आहे. तुझ्या कोर्समध्ये शंकांसाठी तास ठेवलेला असेल. तिथे बहुतेक वेळा शिक्षक एकटेच बसलेले असतात. जा. ‘सर, समजलं नाही’ असं मोघम नको. ‘सहाव्या लेक्चरमध्ये तुम्ही हा टेबल दोन भागांत तोडलात, मी तीन भागांत तोडला, माझं कुठे चुकलं?’ असं विचार. तीन वेळा असं झालं की त्या शिक्षकांना तुझं नाव आणि तुझी विचार करायची पद्धत माहीत होते. दोन वर्षांनी शिफारसपत्र मागशील तेव्हा त्यांच्याकडे लिहायला काहीतरी असेल.

इथेच तुझ्या नोकरीच्या प्रश्नाचंही उत्तर आहे. ओळखी म्हणजे मोठ्या माणसांच्या ओळखी, असं तू धरून चालली आहेस. अमेरिकी समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ च्या प्रसिद्ध लेखात नोकरी बदललेल्या लोकांचा दाखला दिला आहे. ज्यांना ओळखीतून नोकरीची खबर मिळाली, त्यांतल्या बहुतेकांना ती जवळच्या मित्रांकडून मिळाली नव्हती, अधूनमधून भेटणाऱ्या माणसांकडून मिळाली होती. जवळच्यांना आपल्याला माहीत असतं तेच माहीत असतं, लांबचा माणूस वेगळ्या वर्तुळात वावरतो. तुझ्या बॅचमध्ये नोकरी करत शिकणारे असतील, दहा वर्षं काम करून पुन्हा पदवीला बसलेले असतील. नेहमीच्या वर्गात तुझ्या शेजारी वीस वर्षांचीच मुलं बसली असती. पुढच्या सेमिस्टरच्या प्रोजेक्टला, निवडीची मुभा असेल तर, अशा एखाद्याबरोबर जोडी कर.

कोर्स सोडायचा का? आज नको. हे सगळं एक सेमिस्टर मनापासून करून बघ. त्यानंतरही रोज माणसांत असल्याशिवाय आपल्याकडून होत नाही असं वाटलं, तर खुशाल बदल. त्यात कमीपणा नाही, काहींना खरंच वर्ग लागतो. फक्त अर्ज करायच्या आधी झालेल्या वर्षाचे क्रेडिट तिकडे धरले जातील का, हे नव्या कॉलेजकडून लेखी घे. तोवर आठवड्यातून दोन-तीन दिवस अभ्यास घराबाहेर, वाचनालयात कर. तिथे कोणी बोललं नाही तरी चालेल.

एक गोष्ट मात्र वेगळी ठेव. दोन आठवडे किंवा त्याहून जास्त काळ दिवसातला बराच वेळ मन उदास असेल, आवडत्या गोष्टीतही रस वाटत नसेल, झोप-भूक बिघडली असेल, तर ते स्टडी पार्टनरवर सोडू नकोस. घरी सांग आणि मानसोपचारतज्ज्ञांना भेट. जगणं नको असा विचार कधी डोकावला, तर त्याच दिवशी, त्याच तासाला कोणाला तरी सांग. संध्याकाळपर्यंत थांबू नकोस.

पहिला मेसेज लिहिताना तू पुन्हा अडशील, म्हणून तो मीच लिहून देते. नाव आणि विषय तेवढे बदल.

‘हाय, आजच्या लेक्चरमध्ये तू जॉइनबद्दल विचारलंस ना, मलाही तिथेच अडलं होतं. मी मंगळवारी आणि शुक्रवारी चारला तासभर हा विषय करायला बसते. तुला जमणार असेल तर कॉल लावून आपापला अभ्यास करू, शेवटी दहा मिनिटं शंका बघू. नाही जमलं तरी काही हरकत नाही.’

पहिलीनं उत्तर दिलं नाही तर दुसरीला पाठव. आणि पहिल्या मंगळवारी काय झालं ते मला कळव, मी वाट बघते आहे.