वाचक विचारतात: लग्नाची पंचविशी आणि घाटातली रेल्वे

प्रश्न: नमस्कार ताई, डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात आमच्या लग्नाला २५ वर्षं होतायत. हॉल, केक, पाहुणे असलं काही नको, असं आमच्या ह्यांनी आधीच सांगून टाकलंय. ह्यांना रेल्वेचं भलतंच वेड. लग्न झाल्यावर पहिल्यांदा कोयना एक्सप्रेसनं पुण्याला गेलो तेव्हा हे अख्खा रस्ता दारात उभे आणि मी बॅगा सांभाळत बसलेली! तर यावेळी डोंगरातून जाणाऱ्या एखाद्या गाडीनं दोघंच जावं असं मनात आहे. चारच दिवस मिळतील, दुकान जास्त बंद ठेवता येत नाही. आणि हे सरप्राइज आहे, पण तिकिटाचं अकाउंट ह्यांच्याच मोबाईलवर, मेसेज लगेच ह्यांनाच जाणार. काय करू?
— एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर: पंचविशीच्या आगाऊ शुभेच्छा! आधी मेसेजचं बघू, कारण सगळं तिथंच फुटणार. ऑनलाइनच्या भानगडीत पडूच नका, सरळ आपल्या स्टेशनावरच्या आरक्षण खिडकीवर जा, फॉर्मवर मोबाईल नंबर लिहायचा असतो तिथं मुलाचा नाहीतर बहिणीचा टाका, झालं. हल्ली आरक्षण ६० दिवस आधी उघडतं, म्हणजे ऑक्टोबर लागला की तयारीत राहा.

आता कुठं जायचं. चार दिवस असतील तर उटी-शिमल्याचा हट्ट सोडा असं मी म्हणेन. निलगिरीची गाडी मलाही आवडते, मेट्टुपालयम ते उटी ४६ किलोमीटर, कुन्नूरपर्यंत दातेरी रुळावरनं चढते आणि वाफेचं इंजिन मागून ढकलतं त्यामुळं पुढच्या डब्यातनं समोरचा डोंगर सरळ दिसतो, पण मिरजेहून राणी चन्नम्मानं बेंगळुरू, तिथनं कोइमतूर, मग मेट्टुपालयम असं करत पोचायलाच दीड-दोन दिवस जातात, तितकेच परत यायला, आणि राहिलं काय तर दुकानाची काळजी.

त्यापेक्षा आपल्या दारातला घाट बघा की. मिरज-बेळगाव-लोंढा करत गोव्याला जाणारी लाइन. कॅसलरॉक ते कुळे हा साधारण २६ किलोमीटरचा घाट, पोर्तुगीजांच्या काळात १८८० च्या दशकात बांधलेला, चढ १:३७ म्हणजे ३७ मीटर पुढं गेलं की एक मीटर वर. कागदावर हे काहीच वाटत नाही पण रेल्वेसाठी ही चढण भयंकर आहे, म्हणून वर येणाऱ्या गाडीला जादा इंजिनं जोडतात. ह्यांना ही इंजिनं लावताना बघू द्या, तुमचं निम्मं गिफ्ट तिथंच वसूल. मध्ये बोगद्यांमागनं बोगदे आणि मग दूधसागर, ३१० मीटरचा धबधबा, आणि रेल्वेचा पूल बरोब्बर त्याच्या पुढ्यातनं जातो.

पण इथंच बरेच लोक फसतात. मिरजेहून गोवा एक्सप्रेसनं जायचं म्हणून तिकीट काढतात आणि घाट येतो मध्यरात्री! सगळे झोपलेले, बाहेर काळोख, सकाळी डोळे उघडले तर मडगाव. मी स्वतः एकदा असंच केलंय. मैत्रिणी अजून हसतात. गाडीचं नाव बघून तिकीट काढायचं नाही, घाट किती वाजता येतो ते बघून काढायचं. म्हणून उलटं करा. जाताना रस्त्यानं जा, निपाणी-आजरा-आंबोली-सावंतवाडी, तोही घाट काही कमी नाही. गोव्यात दोन रात्री राहा आणि येताना गोवा एक्सप्रेस पकडा. ती दुपारी तीनच्या सुमाराला वास्कोहून निघते, मडगावला बसायचं, घाटात येईपर्यंत ऊन तिरपं होतं आणि दूधसागर उजेडात मिळतो. डिसेंबरात दिवस लवकर मावळतो, गाडीला उशीर झाला तर थोडी हुरहुर राहणार. वेळ बुकिंग करताना एकदा बघून घ्याच.

डबा? तुम्हाला वाटेल आता पंचविसावा वाढदिवस लग्नाचा, एसीच पाहिजे. काढा की, पण मग काचेतनं बघावं लागतं आणि ती काच किती पुसलेली असेल ते नशीब. मी स्लीपर घेईन, खिडकी उघडते, वारा लागतो, बोगद्यात पोरं ओरडतात ते ऐकू येतं. धबधबा कुठल्या बाजूला ते पँट्रीवाल्याला विचारा, तो रोजचा आहे. आणि ह्यांना दारात लटकू देऊ नका, वय काय आता! दूधसागरला गाडी थांबली तरी खाली उतरायचं नाही, रुळावरनं चालायला बंदी आहे आणि पोलीस धरतात.

पाण्याचं खरं सांगते. पावसाळ्यात तो धबधबा जसा असतो तसा डिसेंबरात नसतो, बारीक होतो. ऐन जुलैत मात्र इतकं धुकं की कधीकधी आवाजच येतो, दिसत काही नाही. ऑक्टोबरात गेलात तर पाणीही असतं नि धुकं कमी, पण दिवाळीत तुमचं दुकान सोडून ह्यांना ओढून नेणं मला तरी जमेलसं वाटत नाही. डिसेंबरच ठेवा.

आणखी एक. ती गाडी मिरजेला रात्री उशिरा पोचते, मग कोल्हापूरसाठी गाडी शोधत फिरायचं. त्यापेक्षा बेळगावलाच उतरा, तिकीटच तिथपर्यंतचं काढा. रात्र तिथं, सकाळी कुंदा घ्या शेजारपाजारसाठी आणि एसटीनं घरी, शंभर-सव्वाशे किलोमीटर तर आहे. सोबत भडंग आणि चपाती-खर्डा ठेवा. खर्डा मात्र डब्याचं झाकण घट्ट लावून, नाहीतर अख्ख्या बोगीला ठसका.

प्रश्न: आमच्या आई-बाबांच्या लग्नाला ५० वर्षं होतील, दोघं सत्तरी पार. त्यांना कालका-शिमला गाडीनं न्यावं का? ज्येष्ठांना सवलत मिळते ना?
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर: तिकिटातली ज्येष्ठांची सवलत मार्च २०२० पासून बंद आहे. लोअर बर्थचा कोटा आहे, तो मागून घ्या. शिमल्याची गाडी ९६ किलोमीटर, शंभरावर बोगदे, पाच तासांच्या वर बसून राहायचं, आणि त्याआधी कोल्हापूर ते कालका. बाबांचे गुडघे कसे आहेत ते आईला विचारा, बाबांना नको, ते ठीकच सांगणार. जमत असेल तर दिल्लीला एक दिवस थांबून न्या, आणि थंडीत नको, मार्च-एप्रिलात.