जुन्या साहित्यातले आक्षेपार्ह शब्द नव्या आवृत्तीत काढावेत का?

काढू नयेत. पण तुम्ही पुढे विचारलंय की 'निदान मुलांसाठी काढायला काय हरकत आहे', तिथे माझी दुखरी नस आहे म्हणून लिहून राहिलो.

नागपूरच्या महाल भागात आजोबांचं भजनी मंडळ बसायचं. 'मऊ मेणाहूनि आम्ही विष्णुदास' सुरू झालं की म्हातारे खड्या आवाजात 'भले तरि देऊं गांडीची लंगोटी' म्हणायचे, समोर बायका-पोरं बसलेली, कोणी लाजत नव्हतं. तुकोबांच्या गाथेत तेच आहे. पुढे माझ्या पोरीला गॅदरिंगमध्ये हाच अभंग म्हणायचा होता, मी गाथेतून पाठ करून घेतला, तर बाईंनी डायरीत लाल पेननं लिहून पाठवलं, 'कासेची लंगोटी' म्हणावे. गाथा घेऊन शाळेत गेलो तर म्हणाल्या, पुस्तकात कासेचीच आहे सर. रात्री आमचे साडू जेवायला होते, रिटायर्ड हेडमास्तर, तेही बाईंच्याच बाजूनं. म्हणे काऊन एवढं ताणून राहिले, अर्थ तर तोच राहते ना! नाही राहत भाऊ. ढुंगणावरचं शेवटचं फडकं काढून देणारा आणि नाठाळ भेटला की डोक्यात काठी घालणारा माणूस आहे तो, त्याला सत्यनारायणाला बसवल्यासारखं काय बोलायला लावता? पोरीनं शेवटी कासेचीच म्हटलं. सगळ्यात जोरात टाळ्या साडूंच्या.

बाहेरही हेच चालतं. 2011 मध्ये अमेरिकेतल्या एका प्रकाशकानं मार्क ट्वेनच्या 'हकलबरी फिन' कादंबरीतली काळ्या लोकांसाठीची शिवी 200 वर ठिकाणी बदलून 'गुलाम' केली. अरे, ती शिवी सहज तोंडात असणारा समाजच तर त्याला दाखवायचा होता! 2023 मध्ये मुलांसाठी लिहिणाऱ्या रोआल्ड डालच्या पुस्तकांतून 'लठ्ठ' वगैरे काढलं, बोंबाबोंब झाल्यावर प्रकाशक म्हणे जुना मजकूरही छापत राहू.

आता जातिवाचक शिव्यांचं वेगळं आहे, हे मान्य. ज्या पोराला तीच शिवी गल्लीत ऐकावी लागते त्याच्यासमोर तो धडा घ्यायचा तर मास्तरला अक्कल पाहिजे, नसेल तर धडाच घेऊ नका. पण घेतला तर खोडू नका. अगदी लहान पोरांसाठी संक्षिप्त काढा, कव्हरवर 'संपादित' असं ठळक छापून. शब्द बदलला तर खाली टीप द्यायला कितीशी शाई लागते? साडूंना हेच विचारलं होतं, अजून उत्तर आलेलं नाही.