दीड तासाचा दर्या

प्रश्न : भाऊ, आमचा धाकटा खलाशाचं शिक्षण करून मालवाहू जहाजावर दोन फेऱ्या मारून आलाय. आता एजंट म्हणतो, इंग्लंड-फ्रान्सच्या फेरीबोटीवर जागा आहे. डोव्हर ते कॅले दीड तासाचा प्रवास, नुसता आराम. आम्ही गोव्याला जाताना बेटीमची फेरी तेवढी बघितलीय. खरंच सोपं असतं का ते काम?
– एक आई, निपाणी

उत्तर : वैनी, त्या एजंटानं जन्मात दोर ओढलेला दिसत नाही. मालवाहू जहाज एकदा निघालं की बरेच दिवस बंदर लागत नाही. खलाशाचा जीव जातो तो बंदरात, आणि या बोटीला दर दीड तासानं बंदर! मी नोकरीची शेवटची दोन वर्षं तिथं सारंग, म्हणजे डेकवरच्या खलाशांचा मुकादम, होतो. खानापूरला परत आल्यावरही कितीतरी दिवस रात्री दीड-दीड तासानं उठून बसायचो. आमची ही म्हणायची, ‘आलं का कॅले?’

बेटीमची फेरी डोळ्यांसमोर आणा, खरं ती बैठं घर आणि ही माडीवर माडी. पोटात ट्रकांचे मजले, वर हॉटेल, दुकानं, प्रवासी. गाड्या एका टोकानं चढतात, दुसऱ्या टोकानं उतरतात. शंभरावर ट्रक तासाभरात रिकामे करून तेवढेच परत भरायचे. डिझेलचा धूर, ओला पत्रा, आणि ड्रायव्हर पोलंडचा नाहीतर रुमानियाचा. सगळं हातवाऱ्यांवर चालतं.

हिवाळ्यात वारा सुटला की साखळ्या आल्या. उसाच्या दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर वळणावर कसा डुलतो, ते तुम्हाला सांगायला नको. तसे सगळे ट्रक एकदम डुलायला लागले तर? म्हणून प्रत्येकाला साखळी लावून डेकच्या कड्यांना आवळायचं. वाकून वाकून कंबर जाते. दीड तासानं तेच सगळं सोडायचं.

आणि दार. ६ मार्च १९८७ ला बेल्जियमच्या झीब्रुगहून ‘हेराल्ड ऑफ फ्री एंटरप्राइझ’ डोव्हरला निघाली, ती पुढचं दार उघडं ठेवूनच. दार लावणारा माणूस केबिनमध्ये झोपला होता. गाड्यांच्या मजल्याला मध्ये भिंती नसतात. परातीत पाणी घेऊन चालून बघा, जरा कलली की सगळं एका बाजूला. बोट दीडेक मिनिटात आडवी झाली, १९३ माणसं गेली. त्यानंतर दाराचे दिवे वर कप्तानापुढं आले. मी तरी दिव्यावर कधी विसंबलो नाही, स्वतः जाऊन बघायचो. त्या झोपलेल्या माणसाला शिव्या देणारे पुष्कळ भेटले. मला तसं जमलं नाही. ती झोप मला माहीत आहे.

वर सुकाण्याचं वेगळंच. डोव्हर-कॅलेच्या मधल्या सामुद्रधुनीतून रोज चारशेच्या वर जहाजं उभी जातात, आपली बोट त्यांना आडवी. निपाणीत हायवे पायी ओलांडायचा, तोही धुक्यात, असं समजा.

नियमानं चोवीस तासांत दहा तास विश्रांती मिळायला हवी, फार तर दोन तुकड्यांत, त्यातला एक निदान सहा तासांचा. कागदावर मिळतेच.

पगाराचं बोलू. २०२२ मध्ये तिथल्या एका कंपनीनं जवळजवळ आठशे खलाशी एका दिवसात काढले आणि एजन्सीमार्फत स्वस्तातले घेतले. त्यात आपली पोरंही होती. त्यावर बोंब झाली, मग २०२३ मध्ये ब्रिटन आणि फ्रान्स दोघांनी या बोटींवरच्या किमान पगाराचे कायदे केले. तेव्हा करारात पगार किती, सलग किती आठवडे बोटीवर आणि मग किती सुट्टी, हे तिन्ही लेखी घ्या. एजंटाकडं खलाशी-भरतीचा सरकारी परवाना आहे का, ते नौवहन महासंचालनालयाच्या यादीत बघा. नोकरी लावायचे पैसे मागितले तर तिथूनच उठा. तसे घेणं बेकायदेशीर आहे. मी पहिल्या नोकरीला दिले होते. आईच्या पाटल्या गेल्या. प्रवासी जहाजासाठी गर्दी सांभाळण्याचं वेगळं प्रशिक्षण लागतं, ते त्यानं केलंय का, हेही विचारा.

आणि एक करा. भर दुपारी, घरात टीव्ही चालू, भांडी वाजताहेत, अशा गोंगाटात त्याला झोप लागते का बघा. लागत असेल तर जाऊ दे.