उके म्हणजे ब्लॉक नव्हे (आणि हो, बो जरूर शिका)

तुमचे प्रश्न दोन. एक, कराटेत दोन वर्षं आगे-उके (हात वर नेऊन केलेला बचाव), सोतो-उके (हात आडवा नेऊन केलेला) घोटूनही स्पारिंगमध्ये (सरावाच्या लढतीत) हात वर जाईपर्यंत ठोसा लागलेला असतो, मग हे शिकायचं कशाला? दुसरा, सर बो, म्हणजे लांब काठी, घ्यायला सांगताहेत, तर घ्यावा का? मला पहिल्याचं उत्तर बोनेच दिलं.

'उके' हा शब्द 'उकेरु'वरून आलाय. अर्थ घेणं, स्वीकारणं. आपण सर्रास ब्लॉक म्हणतो आणि डोक्यात भिंत उभी राहते.

जोडीदाराला हळू ठोसा मारायला सांगा आणि उजव्या हाताचा आगे-उके करून बघा. आधी डावा पंजा पुढे जातो ना? क्लासमध्ये ती नुसती तयारी म्हणून शिकवतात. माझ्या मते ठोसा तिथेच वळवायचा असतो. तोच पंजा मनगट पकडून कमरेकडे येतो, ते हिकिते. समोरचा ओढला जाऊन वाकतो आणि वर निघालेला उजवा हात त्याच्या कोपराखाली नाहीतर थेट जबड्याखाली बसतो. हे काम धरपकडीच्या अंतरावरचं. पॉइंट स्पारिंगमध्ये (गुणांच्या लढतीत) समोरचा लांबून येतो, ठोसा झटक्यात मागे घेतो, मग धरणार काय? तिथे साधी हाताची थाप आणि पाय हलवणंच कामाचं.

(सोतो-उकेवरून दुसऱ्या क्लासच्या मुलांशी वाद घालू नका. शोतोकान या कराटे शैलीत तो बाहेरून आत येतो, कराटेचं मूळ असलेल्या जपानच्या ओकिनावा बेटावरच्या बऱ्याच शैलींत त्याच नावाचा हात आतून बाहेर जातो.)

आता बो. रोकुशाकु-बो म्हणजे 6 शाकु (जपानी माप), साधारण 182 सेंटिमीटर. लाठीसारखा एका टोकाला धरून गरगर फिरवायचा नाही. बहुतेक वेळा हात असे असतात की काठीचे साधारण तीन सारखे भाग पडतात. पहिले तीन महिने मी डोक्यावरचा वार पुढच्या हाताने ढकलत होतो. तळव्याला फोड, खांदा भरलेला, आणि वारात दम शून्य. मागचा हात काखेकडे खेचायला लागलो तेव्हा टोक सपकन खाली आलं. ही खेच म्हणजे हिकितेच की! रिकाम्या हाताने ती ढिली पडली तरी कुणाला कळत नाही. बोचं टोक मात्र लगेच डुगडुगतं.

शोतोकानचे जनक फुनाकोशी 1922 मध्ये ओकिनावाहून तोक्योला गेले, पुढे विद्यापीठांच्या क्लबांतून रिकाम्या हाताचं कराटे पसरलं आणि काठी बरीचशी मागे राहिली. ओकिनावात ताइरा शिनकेनसारख्यांनी शस्त्रांचे काता (ठरलेल्या हालचालींचे क्रम) गोळा करून ठेवले, म्हणून शुशी नो कोन हा बोचा काता आज आपल्यापर्यंत आहे. सरांना तोच शिकवायला सांगा.

फक्त घरात सराव करू नका. आमच्या हॉलमधल्या पंख्याचं एक पातं अजून वाकडं आहे.