बाबांच्या नावावरची गाडी विकताना

प्रश्न : माझ्या वडिलांचे पाच महिन्यांपूर्वी निधन झाले. त्यांच्या नावावरची जीए-०५ क्रमांकाची वॅगन आर फोंड्याच्या घरी अंगणात उभी आहे. आईला गाडी येत नाही, भाऊ नोकरीनिमित्त पुण्यात असतो आणि मी लग्न होऊन साखळीला आहे, म्हणून गाडी विकावी असे आम्ही ठरवले. आजारी पडण्यापूर्वी बाबा स्वतःच ती विकणार होते आणि त्यांनी गाडीची मालकी बदलण्याच्या फॉर्म २९ व ३० वर सह्याही करून ठेवल्या होत्या. ते फॉर्म कपाटात सापडले. एजंट म्हणतो, निधनापूर्वीची तारीख घाला, काम लवकर होईल. तसे करावे का?
– एक वाचक भगिनी, साखळी

उत्तर : ताई, तसे मुळीच करू नका. फॉर्म २९ म्हणजे ‘अमुक तारखेला मी माझे वाहन अमुक व्यक्तीला विकले’ असे विकणाऱ्याने वाहतूक खात्याला दिलेले निवेदन असते. बाबांनी गाडी विकलेली नव्हती, त्यामुळे सही त्यांचीच असली तरी आता मागची तारीख घातल्यास तो कागद खोटा ठरतो, आणि उद्या त्या गाडीचा अपघात होऊन प्रकरण न्यायाधिकरणापुढे गेले, तर विमा कंपनीचा वकील विक्रीची तारीख, पैसे जमा झाल्याची तारीख आणि मृत्यूच्या दाखल्यावरची तारीख शेजारी शेजारी ठेवून पाहील. त्या वेळी एजंट कुठे असेल कोण जाणे; उत्तर मात्र तुमच्या आईला द्यावे लागेल. ते दोन्ही फॉर्म फाडून टाका.

सरळ मार्ग थोडा लांबचा आहे, पण कठीण नाही. मालकाच्या मृत्यूनंतर वाहन ज्याच्या ताब्यात येते त्याने ३० दिवसांच्या आत नोंदणी कार्यालयाला कळवावे आणि तीन महिन्यांच्या आत फॉर्म ३१ भरून ते स्वतःच्या नावावर करून घ्यावे, असे केंद्रीय मोटार वाहन नियमांत सांगितले आहे. तुमची मुदत टळली आहे, त्यामुळे उशिराचा आकार भरावा लागेल, पण वाट बंद झालेली नाही. आधी आरसीवर (गाडीच्या नोंदणी प्रमाणपत्रावर) बाबांनी कोणाचे नाव नॉमिनी म्हणून लावले होते का ते पाहा. ही सोय २०२१ पासून आहे आणि तसे नाव असल्यास काम पुष्कळ हलके होते.

नॉमिनी नसेल तर वारसांचा प्रश्न येतो, आणि तिथे आपल्या गोव्याचा कायदा शेजारच्या राज्यांहून वेगळा आहे. लग्नापूर्वी वेगळा करार झालेला नसेल तर संसारात घेतलेल्या मालमत्तेचा अर्धा वाटा मुळातच पत्नीचा असतो. म्हणजे आरसीवर नाव एकट्या बाबांचे असले, तरी गाडी अर्धी आईचीच आहे. उरलेला अर्धा भाग तुम्हा भावंडांकडे सारखा येतो. मुलगी लग्न होऊन गेली म्हणून तिचा हक्क कमी होत नाही. वारस कोण हे ठरवणारे सक्सेशन डीड उपनिबंधक कार्यालयातील विशेष नोटरीपुढे होते (वर्तमानपत्रांत त्याच्या नोटिसा आपण नेहमी पाहतो), आणि त्यात वारसांबरोबर त्यांच्या पती-पत्नींचीही नावे येतात. घर-जमिनीसाठी तुम्ही ते डीड करणारच असाल, तर गाडीलाही तेच चालेल. केवळ गाडीसाठी कोणता वारसा पुरावा पुरेल, हे फोंड्याच्या कार्यालयात आधीच विचारून घ्या. गाडी आईच्या नावावर करायला तुम्हा दोघा भावंडांची लेखी संमती घेऊन ठेवावी; भाऊ पुण्याहून चवथीला येईल तेव्हाच सह्या उरकून घेतल्या तर त्याची एक फेरी वाचेल. गाडी आईच्या नावावर झाली की मग आईच्या सहीने नवे फॉर्म २९ आणि ३० भरायचे.

एक गोष्ट तुम्ही विचारलेली नाही, पण मला तिचीच अधिक काळजी वाटते. मालकाच्या मृत्यूनंतर त्याच्या नावावरची विमा पॉलिसी तीन महिने किंवा तिची मुदत संपेपर्यंत, यांतले जे आधी येईल तोवरच चालू राहते. पाच महिने झाले, म्हणजे काचेमागे पॉलिसीचा कागद दिसत असला तरी त्याचा आधार धरता येणार नाही. गिऱ्हाईक ‘फर्मागुढीपर्यंत एक फेरी मारून पाहतो’ म्हणाले, तरी विमा नीट होईपर्यंत चावी देऊ नका. अंगणातच इंजिन सुरू करून दाखवा.

प्रश्न : सात महिन्यांपूर्वी मी माझी जीए-०४ क्रमांकाची गाडी कुडाळच्या एका गृहस्थांना विकली. पैसे बँकेत आले, फॉर्मवर सह्या केल्या, आरसीही दिली. आता माझ्या मोबाइलवर ई-चलनाचे संदेश येतात. ‘गाडी नावावर करतो, करतो’ म्हणून ते गृहस्थ चालढकल करत आहेत. माझी जबाबदारी संपली ना?
– एक वाचक, डिचोली

उत्तर : दुर्दैवाने संपलेली नाही. नोंदवहीत ज्याचे नाव आहे तोच कायद्याच्या दृष्टीने मालक आणि अपघाताची भरपाई त्याच्यावरही येऊ शकते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या निकालात स्पष्ट केले आहे. विक्री राज्याबाहेर झाली असेल तर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५० प्रमाणे ४५ दिवसांच्या आत ना हरकत दाखल्यासह कळवण्याची जबाबदारी विकणाऱ्यावर, म्हणजे तुमच्यावर होती. राज्यातल्या राज्यात ही मुदत १४ दिवसांची असते.

आता पहिले काम म्हणजे डिचोलीच्या वाहतूक कार्यालयाला विक्रीची तारीख, घेणाऱ्याचा पत्ता आणि बँकेतील नोंदीची प्रत जोडून लेखी कळवा आणि पोच घ्या. तसेच पत्र खरेदीदाराला स्पीड पोस्टाने पाठवा. पुढे फॉर्म २८ भरून ना हरकत दाखला काढावा लागेल. त्यासाठी गाडी हाताशी लागते, कारण फॉर्मवर चासी क्रमांकाचा ठसा द्यावा लागतो : लोखंडावर कोरलेल्या आकड्यांवर पातळ कागद ताणून धरायचा आणि मऊ पेन्सिल आडवी घासत न्यायची, की आकडे पांढरे उमटतात. तेवढ्यासाठी कुडाळला जावे लागले तरी जा आणि खरेदीदाराला समोर बसवून सह्या घ्या. सर्व चलने भरल्याशिवाय काम पुढे सरकत नाही, तेव्हा विक्रीनंतरच्या चलनांचे पैसे त्यांच्याकडून त्याच वेळी घ्यावेत.

गोव्यात या बाबतीत घाई करण्याला आणखी एक कारण आहे. खासगी नंबरप्लेटच्या जुन्या गाड्या परवाना नसताना पर्यटकांना भाड्याने दिल्या जातात. अशा गाडीचा अपघात झाला की पोलीस आधी आरसीवरच्या पत्त्यावर येतात.

प्रश्न : गाडी जुन्या गाड्यांच्या डीलरला दिली तर ही कटकट वाचते का? नो क्लेम बोनस आणि फास्टॅगचे काय?
– एक वाचक, पेडणे

उत्तर : डीलर वाहतूक खात्याकडून अधिकृत झालेला असेल तर वाचते. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या नियमांप्रमाणे फॉर्म २९सी ऑनलाइन भरून गाडी त्याच्या ताब्यात दिल्याची नोंद झाली की तोच मालक मानला जातो. ती नोंद झाल्याची पावती हातात येईपर्यंत चावी सोडू नका. नो क्लेम बोनस, म्हणजे दावा न केल्याबद्दल विम्याच्या हप्त्यात मिळणारी सूट, गाडीचा नसून तुमचा असतो. विमा कंपनीकडून दाखला घ्या, तो नव्या गाडीसाठी तीन वर्षे चालतो. फास्टॅग मात्र गाडी देण्याच्या दिवशीच बँकेला सांगून बंद करा आणि काचेवरून खरवडून काढा, नाहीतर राज्याच्या सीमेवरच्या पत्रादेवीच्या पलीकडचे टोल तुमच्या खात्यातून वळते होत राहतील.