जुनी रिमोटची आगगाडी: कापूस, गळके सेल आणि तडकलेला गिअर

सेलवर चालणाऱ्या जुन्या रिमोट आगगाड्यांबद्दल वाचकांनी विचारलेले काही प्रश्न आणि त्यांची उत्तरे.

नवे सेल टाकले तरी इंजिन दोन फेऱ्यांत दम टाकते. डबे सोडवून पाहिले, तरी तेच. मोटर गेली का? (दर्यापूर)

मोटरकडे जाण्याआधी इंजिन उलटे करून चाकांचे आस बघा. वेचणीच्या दिवसांत घरात कापूस साठवलेला असतो, त्याचे तंतू फरशीवरून आसावर गुंडाळले जातात आणि चाक व सांगाडा यांच्यामध्ये घट्ट कडे तयार होते. वरून ते दिसतही नाही. ब्लेडच्या टोकाने आसाच्या लांबीला समांतर चीर द्या आणि चिमट्याने तंतू ओढा. चाके बोटाने फिरवून पाहा. मोटरला जोडलेली सोडून बाकीची चाके सैल फिरली पाहिजेत.

मग तेल. घरात जवसाचे तेल असते म्हणून ते घालू नका. हवेत ते वाळून वार्निशासारखा थर धरते आणि गाडी महिनाभरात जाम होते. आसाच्या टोकाला सुईच्या अग्रावरून शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब पुरे. प्लास्टिकच्या गिअरला सिलिकॉन ग्रीस, काडेपेटीच्या गुलाएवढे.

एवढ्यानेही सुधारले नाही तर मल्टिमीटर २० व्होल्ट डीसीवर ठेवा. गाडी चालू असताना एक टोक सेलच्या टोकाला आणि दुसरे त्याच बाजूच्या पत्तीला (सेलला टेकणाऱ्या धातूच्या पट्टीला) जोडलेल्या तारेला लावा. आकडा शून्याजवळ असावा. अर्धा व्होल्ट दिसला तर दोष मोटरमध्ये नाही, त्या पत्तीत आहे. आमच्या मते ‘मेलेल्या’ गाडीची तपासणी नेहमी इथूनच सुरू व्हावी. मोटर उगाच बदलली की जुनी चांगली मोटर जाते आणि दोष तिथेच राहतो.

माळ्यावरून काढली तर सेल फुटून पांढरे-हिरवे साचलेले. पत्त्या वाचतील का? (घाटंजी)

बहुतेक वेळा वाचतात, पण आधी सेल कोणते होते ते पाहा. अल्कलाइन सेलमधून अल्कली गळते, त्यावर व्हिनेगर किंवा लिंबाच्या रसात बुडवलेला कापसाचा बोळा चालतो. साधे स्वस्त झिंक-कार्बन सेल असतील तर गळती आम्लधर्मी असते, तिथे लिंबू कामाचे नाही. अर्धा कप पाण्यात चमचाभर खाण्याचा सोडा घेऊन पुसा. दोन्हींत हातमोजे घाला. नंतर स्वच्छ पाण्याच्या ओल्या बोळ्याने पुसा, पूर्ण वाळू द्या आणि बारीक पॉलिश पेपरने धातू चमकेपर्यंत घासा. हिरवे डाग तांब्या-पितळेचे असतात. मुलामा गेल्याची ती खूण. अशी पत्ती पुढेही गंजत राहते, तेव्हा बदललेलीच बरी.

लोक विसरतात ती तार. गळती तारेच्या आवरणाखाली सरकते आणि तांबे काळे पडते. काळ्या तांब्यावर सोल्डर धरत नाही. लाल-चमकदार तांबे दिसेपर्यंत तार कापत जा, मगच सोल्डरचा डाग द्या. हे काम तालुक्याचा मोबाइल दुरुस्तीवाला दहा मिनिटांत करून देतो.

चार साध्या सेलऐवजी चार्जिंगचे टाकले तर चालेल? (उमरखेड)

चालेल. चार साध्या सेलचे ६ व्होल्ट, चार्जिंगच्या (एनआयएमएच, म्हणजे निकेल-मेटल हायड्राइड) सेलचे ४.८, तरीही झिंक-कार्बनपेक्षा ते बरे, कारण भार आला की साध्या सेलचा दाब (व्होल्टेज) खाली येतो, यांचा फारसा नाही. अल्कलाइनच्या तुलनेत मात्र वेग किंचित कमी वाटेल. २००० एमएएचचा सेल २०० एमएने १४ ते १६ तास भरतो. टायमरचा चार्जर असेल तर जपा: वीज जाऊन परत आली की काही चार्जर पुन्हा शून्यापासून मोजतात आणि सेल जास्त भरला जाऊन तापतो. प्रत्यक्ष वीज होती तेवढेच तास धरा. मे महिन्यात रात्रीच भरा.

१४५०० क्रमांकाचे लिथियम सेल आकाराने तसेच दिसतात, पण पूर्ण भरल्यावर एकेक ४.२ व्होल्टचा. चार जोडले तर १६.८ व्होल्ट, सर्किट जळेल. कधीही टाकू नका.

गाडी उभी असताना रिमोट लांबून घेतो. चालू झाली की हातभर अंतरावरच. (आर्वी)

हे तुम्ही नेमके पाहिले आहे, कारण यातच उत्तर आहे. मोटरच्या ब्रशच्या ठिणग्या रिसीव्हरला गोंधळात टाकतात. मोटरच्या दोन टोकांमध्ये एक आणि प्रत्येक टोकापासून मोटरच्या डब्यापर्यंत एकेक, असे १०४ छापलेले तीन सिरॅमिक कपॅसिटर बसवा. अँटेनाची तार मोटरच्या तारांपासून दूर ठेवा. ती कापू नका, गुंडाळू नका. रिमोटमधला ९ व्होल्टचा सेल ७ च्या खाली गेला असेल तर बदला. सर्किटवरची मेणाने बंद केलेली तारेची गुंडाळी फिरवू नका. दुसरा रिमोट घेताना २७.१४५ मेगाहर्ट्झ हा आकडा जुळून भागत नाही, आतली कोडिंगची चिपही एकाच जोडीची लागते.

मोटर घोंघावते, चाके ढिम्म. मधूनच टकटक. (पांढरकवडा)

मोटरच्या दांड्यावरचा प्लास्टिकचा छोटा गिअर तडकला आहे. दाते मोजा (बहुधा ८, १० किंवा १२) आणि दांड्याची जाडी मोजा. २ मि.मी. दांड्याला १.९ मि.मी. भोकाचा गिअर घट्ट बसतो. बसवताना दांड्याच्या मागच्या टोकाला आधार द्या, मोटरच्या डब्यावर दाब देऊ नका. फेविक्विक नको, ते झिरपून बेअरिंगमध्ये जाते.

नातवासाठी शकुंतलेचे मॉडेल करायचे आहे. रूळ ४५ मि.मी.चा आहे. (मूर्तिजापूर)

शकुंतला म्हणजे यवतमाळ-मूर्तिजापूर-अचलपूर मार्गावरची नॅरोगेज गाडी. तिच्या दोन रुळांमधले अंतर ७६२ मि.मी., तुमचे ४५; भागाकार साधारण १७. म्हणजे पाच फूट सात इंचाचा (१७० सें.मी.) माणूस बरोबर १० सें.मी.चा. फलाटावरची माणसे, बाके, दरवाजे याच मापाने करा. १९९४ पर्यंत तिथे वाफेचे इंजिन होते, तेव्हा तुमचे खेळण्यातले काळे इंजिन शोभेल. फक्त हा फलाट टिनाखाली ठेवू नका. उन्हाळ्यात प्लास्टिकचे रूळ वाकतात आणि मग जोडावर डबा उतरतो.